फणसाच्या पानापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंत : रक्तवाहिन्या संगणकावर मोजायच्या कशा

दरवर्षी नवी मुलं लॅबमध्ये आली की पहिल्याच तासाला कुणीतरी विचारतं, "सर, युनेट कधी सुरू करायचं?" (युनेट म्हणजे चित्रातले भाग ओळखायला शिकणारं एक न्यूरल नेटवर्क.) मी त्यांना मागच्या परसात पिटाळतो. फणसाचं किडीने न खाल्लेलं एक पान आणा, खिडकीच्या काचेवर धरा, मागून उजेड येऊ द्या आणि मोबाइलने फोटो काढा. मुलं एकमेकांकडे बघतात. आमच्या सिंधुदुर्गात फणसाला तोटा नाही, त्यामुळे सबब चालत नाही.

हा लेख अशाच नवख्यांसाठी आहे. तुम्हाला थोडंफार पायथन येतं, वैद्यकातलं काहीच येत नाही आणि डोळ्याच्या पडद्याच्या फोटोतल्या रक्तवाहिन्या संगणकाकडून शोधून त्यांची मापं काढायची आहेत, असं धरून चालतो. पडदाच का? कारण शरीरात कुठेही सुई न टोचता, काप न घेता रक्तवाहिन्या नुसत्या कॅमेऱ्याने टिपता येतात अशा मोजक्या जागांपैकी ही एक. शिवाय मधुमेह या वाहिन्यांना धरतो, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेही 10 कोटींच्या वर आहेत. गावागावांतल्या नेत्रशिबिरांत पडद्याचे फोटो निघतात, ते बारकाईने बघायला मात्र माणसं कमी पडतात.

आधी हाताने रंगवा

फणसाच्या पानाच्या शिरा उजेडात पानापेक्षा फिकट दिसतात. मधली जाड शीर, तिला दोन्हीकडे फुटलेल्या बाजूच्या शिरा आणि त्यांच्यामधलं बारीक जाळं. हा फोटो फिजी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. (फिजी म्हणजे चित्रं मोजायचं इमेजजे हे सॉफ्टवेअरच, फक्त लागणारी प्लगिन आधीच घातलेली.) ब्रश घ्या आणि दिसेल ती प्रत्येक शीर रंगवा. अर्धा तास जातो, मान दुखते. शेजाऱ्याने तेच पान स्वतंत्रपणे रंगवायचं. मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवा.

जाड शिरांवरून भांडण होत नाही. बारीक शिरांवरून होतं. एकाने जिथे शीर थांबवली, तिथून दुसऱ्याने ती बोटभर पुढे नेलेली असते. एकाला जी शीर वाटली ती दुसऱ्याला नुसती सुरकुती वाटते. हे भांडण लक्षात ठेवा, पुढे डाइस नावाच्या, दोन चित्रं किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्यापाशी ते परत येणार आहे. दोघांची चित्रंही जपून ठेवा.

डोळ्याची ओळख

पडद्याचा फोटो म्हणजे काळ्या चौकटीतला नारिंगी गोल. त्यात एका बाजूला फिकट पिवळी टिकली असते, ती डिस्क. दृष्टिचेता तिथून मेंदूकडे निघते, रोहिणी तिथूनच आत येते आणि नीला तिथूनच बाहेर जाते. रोहिणीच्या वर-खाली फांद्या होतात, त्या पुन्हा नाकाच्या आणि कानाच्या बाजूला फुटतात. डिस्कपासून थोडं दूर एक काळपट भाग दिसतो, तो मॅक्युला. त्याच्या अगदी मधोमध, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या जागेत, रक्तवाहिनी नसतेच. तुमच्या प्रोग्रामने तिथे शीर काढून दाखवली तर चूक प्रोग्रामची, डोळ्याची नव्हे.

मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. उपग्रहाच्या फोटोत ती खाडी बघितली तर भरती चालू आहे की ओहोटी ते कळत नाही. पाण्याचा नुसता आकार दिसतो. पडद्याच्या फोटोतही रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दिसत नाही. रोहिणी की नीला हे खुणांवरून ओळखावं लागतं. नीला जाड आणि गडद असते. रोहिणी थोडी बारीक, लालसर-फिकट, आणि तिच्या मधोमध उजेडाची चकाकती रेघ दिसते. रोहिणी आणि नीला एकमेकींना ओलांडतात, पण रोहिणी रोहिणीला सहसा ओलांडत नाही. फांद्यांचा माग काढताना हा एवढा नियम फार उपयोगी पडतो.

हे सगळं पुस्तकात वाचण्यापेक्षा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे एक दुपार बसा. दहा फोटो त्यांच्याबरोबर बघितलेत तर महिनाभराची मेहनत वाचते.

चित्रं कुठली घ्यायची

सुरुवात ड्राइव्ह या संचापासून करा. हॉलंडमधल्या मधुमेही रुग्णांच्या तपासणी मोहिमेतून निवडलेली 40 चित्रं, 20 शिकवायला आणि 20 परीक्षेला. प्रत्येक चित्र 565 गुणिले 584 पिक्सेलचं, म्हणजे आजच्या मोबाइलच्या फोटोपुढे अगदी चिमुकलं. 2004 पासून हा संच वापरात आहे आणि त्याच्यासोबत माणसांनी हाताने रंगवलेल्या वाहिन्या येतात. परीक्षेच्या चित्रांवर तर दोन वेगवेगळ्या माणसांनी काम केलेलं आहे. चित्रं लहान असल्याचा एक फायदा आमच्याकडे विशेष: पावसात लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुरं होतं.

हात बसला की स्टेअर (20 चित्रं), चेस डीबी 1 (14 मुलांच्या दोन्ही डोळ्यांची 28 चित्रं) आणि एचआरएफ (45 मोठी चित्रं: 15 निरोगी, 15 मधुमेहाने बाधलेल्या पडद्यांची, 15 काचबिंदूची) घ्या. आपल्या माणसांच्या डोळ्यांचा संच हवा असेल तर आयड्रिड आहे. 516 चित्रांचा हा संच नांदेडच्या एका नेत्र दवाखान्यातल्या फोटोंमधून तयार झाला आणि 2018 मध्ये खुला झाला. त्यात मधुमेहाने पडद्यावर होणारे डाग आणि डिस्क आखून दिलेली आहे, रक्तवाहिन्या मात्र नाहीत. म्हणजे त्या तुम्हीच आखायच्या.

आपल्या तालुक्यातल्या शिबिरातले फोटो वापरायचे असतील तर दोन गोष्टी आधी. फोटो कॅमेऱ्याच्या संगणकावरून मूळ फाइलच्या रूपातच घ्या. मेसेजमधून पाठवलेल्या फोटोत आकार घटतो आणि बारीक वाहिन्या आधी जातात. दुसरं, ओळख पुसणं. कोपऱ्यात छापलेलं नाव काळं करणं हे सगळेच करतात, फाइलच्या आत दडलेली माहिती राहून जाते. कोकणात तर नाव पुसूनही भागत नाही. "वय 71, पुरुष, अमुक वाडी, धंदा रापण" एवढं लिहिलं की अर्धं गाव बोट दाखवून सांगेल कोण ते. वाडी आणि धंदा हे रकानेच ठेवू नका. रुग्णाची संमती त्याला समजेल अशा मराठीत घ्या आणि संशोधनासाठी वापरायचं असेल तर नैतिकता समितीची परवानगी काढा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 चा आहे आणि आरोग्यातल्या एआयसाठी आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच सालची. दोन्ही वाचायला एक संध्याकाळ पुरते.

हिरवा चॅनल आणि माझी फजिती

आता संगणक. पायथन, नमपाय, सायकिट-इमेज आणि ओपनसीव्ही एवढं बसवा. आठ जीबीचा साधा लॅपटॉप पुरतो.

रंगीत फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल वेगळे करून शेजारी शेजारी लावा. लालमध्ये सगळं भगभगीत दिसतं, निळ्यात अंधार आणि खरखर. हिरव्यात वाहिन्या काळ्याभोर उठून दिसतात, कारण रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं. पुढचं सगळं काम हिरव्यावर.

त्याआधी मास्क. मास्क म्हणजे चित्रातला गोल भाग पांढरा आणि बाहेरची चौकट काळी असं दुसरं चित्र. ड्राइव्हमध्ये तो तयार मिळतो, आपल्या फोटोंसाठी लाल चॅनलवर साधा थ्रेशोल्ड (ठरावीक उजेडाच्या वर पांढरं, खाली काळं) लावून बनवता येतो. गोलाची कड ही संगणकाला सगळ्यात ठळक रेघ वाटते. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा मास्क लावला नव्हता. वाहिन्यांची एकूण लांबी काढली, तक्ता केला, एका कार्यक्रमात स्क्रीनवर दाखवलासुद्धा. मागच्या रांगेतल्या एका डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "ही सगळ्यात लांब वाहिनी गोल गोल का फिरतेय?" तेव्हापासून मी मास्क लावतो आणि वर तो कडेने पाच-सात पिक्सेल कुरतडूनही घेतो.

मग उजेड सारखा करा. पडद्याचा फोटो मध्ये उजळ आणि कडेला मंद असतो. हिरव्या चॅनलची एक खूप धूसर प्रत बनवा, इतकी धूसर की वाहिन्या विरून जाव्यात, आणि ती मूळ चित्रातून वजा करा. त्यानंतर क्लाहे नावाची पद्धत लावून छोट्या छोट्या भागांतला फरक ठळक करता येतो. हात राखून. क्लाहे जास्त झाली की पडद्याची खरखरसुद्धा शिरांसारखी दिसायला लागते, जसं मसाला जास्त झाला की सुरमई आणि बांगडा एकच लागतो.

नळीचं कौल आणि करवंटी

आता वाहिनी शोधायची. नवखे इथे थेट न्यूरल नेटवर्ककडे धावतात. माझं मत असं की आधी एक जुनी, हाताने समजणारी पद्धत चालवावी, म्हणजे नेटवर्क नेमकं काय शिकतंय याचा अंदाज येतो. किमान 1989 पासून यावर पद्धती आहेत. तेव्हाची एक वाहिनीच्या आडव्या छेदासारखा साचा 15 अंशांनी फिरवत 12 दिशांना लावून बघायची. मी शिकवतो ती 1998 ची, फ्रांगी यांची.

घरावरचं नळीचं जुनं कौल आठवा. लांबीच्या दिशेने बोट फिरवलं तर बोट सरळ जातं. आडवं फिरवलं तर वळण लागतं. फ्रांगीचा फिल्टर प्रत्येक पिक्सेलपाशी हेच करतो: उजेडाच्या चढउताराला कुठल्या दिशेने किती वळण आहे ते मोजतो. एका दिशेने वळण जवळजवळ नाही आणि तिच्या काटकोनात भरपूर, तर ती वाहिनी. आता करवंटी घ्या. कुठूनही बोट फिरवा, वळणच. अशी जागा म्हणजे गोल ठिपका, वाहिनी नव्हे. मधुमेहात पडद्यावर येणारे बारीक रक्ताचे ठिपके असेच असतात. आणि शेणाने सारवलेली जमीन असेल तर कुठल्याच दिशेने वळण नाही. गणिताच्या भाषेत हे हेसियन मॅट्रिक्सच्या दोन आयगेन किमतींवरून ठरतं, पण कौल आणि करवंटी लक्षात असली तरी काम चालतं.

सायकिट-इमेजमध्ये हे फंक्शन फ्रांगी या नावानेच आहे. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, रेघा काळ्या शोधायच्या की उजळ. काही न सांगितलं तर तो काळ्या शोधतो आणि हिरव्या चॅनलसाठी ते बरोबर आहे. फणसाच्या पानावर मात्र शिरा उजळ, तिथे खटका उलटा करावा लागतो. डाय टोचून काढलेल्या अँजिओग्राफीतही वाहिन्या उजळ असतात. पानावर सराव करून घेतो तो यासाठीच. कोरा काळा निकाल आला की मुलं स्वतःच खटका शोधतात.

दुसरी गोष्ट सिग्मा, म्हणजे किती जाडीच्या रेघा शोधायच्या. ड्राइव्हवर 1 ते 4 पर्यंतच्या सिग्मा देऊन बघा. हेच आकडे आयड्रिडवर लावलेत तर फसाल. आयड्रिडचं चित्र 4288 पिक्सेल रुंद, ड्राइव्हचं 565, म्हणजे जवळपास साडेसात पट. तिथली जाड वाहिनी या सिग्माच्या कवेतच येत नाही, नुसती खरखर सापडते. एक तर चित्र लहान करा, नाहीतर सिग्मा वाढवा, आणि काय केलं ते लिहून ठेवा.

फ्रांगीचा निकाल करड्या रंगाचा असतो. त्याचं काळं-पांढरं करायला थ्रेशोल्ड लागतो. एकच थ्रेशोल्ड ठेवला तर एक तर बारीक वाहिन्या जातात किंवा कचरा येतो. हिस्टेरिसिस थ्रेशोल्ड वापरा. त्यात दोन उंबरे असतात: वरचा ओलांडणारा पिक्सेल नक्की वाहिनी, खालचा ओलांडणारा फक्त नक्की वाहिनीला चिकटून असेल तरच घ्यायचा. वाटेत आलेले सुटे तुकडे, उदाहरणार्थ तीस पिक्सेलपेक्षा लहान, काढून टाका.

निकाल समोर आला की मूळ चित्रावर तो लाल रंगात पसरवून बघा. डिस्कच्या काठावर खोटी कमान दिसेल. जाड रोहिणीच्या जागी दोन समांतर रेघा दिसतील, कारण मधल्या चकाकत्या रेघेने तिला दोन भागांत चिरलं. मधुमेहाचे पिवळे डाग जवळजवळ असतील तर त्यांच्यामधल्या फटी वाहिन्या म्हणून आलेल्या असतील. या तिन्ही चुका स्वतःच्या डोळ्यांनी एकदा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किती बरोबर आलं?

इथे नवखे अचूकतेच्या टक्क्याला भुलतात. ड्राइव्हच्या चित्रातल्या गोलाचा व्यास साधारण 540 पिक्सेल, म्हणजे आत सव्वादोन लाखांच्या वर पिक्सेल. समजा त्यातले शेकडा 12 वाहिन्यांचे आहेत. आता एक प्रोग्राम लिहा जो काहीच करत नाही, सगळं चित्र काळं देतो. त्याची अचूकता 88 टक्के! न वाचता पेपर कोरा दिला आणि डिस्टिंक्शन मिळालं.

त्यामुळे डाइस वापरा. तुमच्या प्रोग्रामच्या आणि माणसाच्या चित्रात दोघांनीही वाहिनी म्हटलेले पिक्सेल मोजा, दुप्पट करा, आणि दोघांच्या वाहिन्यांच्या पिक्सेलच्या बेरजेने भागा. सगळं जुळलं तर 1, काहीच नाही तर 0. कोऱ्या चित्राला 0 मिळतो, न्याय झाला.

आता फणसाच्या पानावरचं भांडण आठवा. ड्राइव्हच्या परीक्षेच्या चित्रांवर दुसऱ्या माणसाने केलेलं काम पहिल्याशी ताडून बघितलं तर डाइस साधारण 0.79 भरतो. हातात सवय असलेल्या दोन माणसांचं एवढंच जुळतं. मग एखादं नेटवर्क 0.82 घेऊन आलं तर ते "माणसापेक्षा हुशार" झालं का? ते पहिल्या माणसाचा हात शिकलं: तो बारीक वाहिनी कुठे सोडून देतो, जाडीला किती रंग लावतो, हे सगळं. तुमच्या पानाची दोन चित्रं जपून ठेवलीत ना? त्यांचा डाइस काढा आणि भिंतीवर लावा.

आता युनेट

युनेट 2015 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून आलं. कमी चित्रांवर, ती फिरवून, उलटवून, ताणून शिकवता येतं, म्हणून आपल्या कामाला ते बरोबर बसतं. तयार कोड भरपूर मिळतो, त्यामुळे बांधणीवर मी शब्द घालवत नाही. मोफत मिळणाऱ्या ऑनलाइन जीपीयूवर शिकवणार असाल तर दर काही फेऱ्यांनी वजनं (नेटवर्क शिकलेले आकडे) साठवून ठेवा. आमच्याकडे श्रावणसरीत नेट गेलं की रात्रभराची मेहनत वाहून जाते.

दोन खड्डे मात्र सांगतो. चित्रांचे 48 किंवा 64 पिक्सेलचे चौकोनी तुकडे करून शिकवायची पद्धत आहे. सगळे तुकडे एकत्र पिसून मग शिकवणी आणि परीक्षा असे वाटलेत तर एकाच डोळ्याचे तुकडे दोन्हीकडे जातात. पेपर फुटलाच म्हणायचा. वाटणी रुग्णावर करा. चेस डीबी 1 मध्ये एकाच मुलाचे दोन्ही डोळे आहेत, ते एकाच बाजूला राहिले पाहिजेत.

दुसरा खड्डा आपल्या मातीचा. हॉलंडच्या डोळ्यांवर शिकलेलं नेटवर्क आपल्या शिबिरातल्या फोटोंवर तसंच चालत नाही. आपल्या लोकांच्या पडद्यामागचं रंगद्रव्य गडद असतं, हिरवा चॅनल अंधारलेला येतो, कॅमेरा वेगळा, कोन वेगळा. कागदावरचा 0.8 इथे किती राहतो ते स्वतः बघायचं: आपल्या भागातले पाच फोटो हाताने रंगवा आणि त्यांच्यावर डाइस काढा. पाच फोटोंना दोन-तीन दिवस जातात. नेटवर्क शिकवण्यात घालवलेल्या महिन्यापेक्षा त्या दोन-तीन दिवसांनी मला जास्त शिकवलं.

मापं

काळं-पांढरं चित्र हातात आलं. आता ते बारीक करून एक पिक्सेल जाडीचा सांगाडा काढा. 1984 ची झँग-स्युएन पद्धत सायकिट-इमेजमध्ये आहे. सांगाड्यावरच्या ज्या पिक्सेलला एकच शेजारी ते टोक, दोन शेजारी ते मधली वाट, तीन किंवा जास्त ती फांदी फुटण्याची जागा. वाहिनीची कड खडबडीत असेल तर सांगाड्याला काटे फुटतात, बोंबलाच्या काट्यासारखे बारीक. दहा पिक्सेलच्या आतले काटे छाटा.

इथली फसवणूक अशी. रोहिणी आणि नीला जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे चार वाटा एकत्र येतात. सांगाडा करताना ती चौफुली बहुतेक वेळा अगदी जवळजवळच्या दोन तिठ्यांत मोडते. प्रोग्राम म्हणतो, दोन फांद्या फुटल्या. प्रत्यक्षात एकही फुटलेली नाही. जवळचे दोन तिठे दिसले की मूळ चित्र उघडून बघा.

लांबी मोजताना नुसते पिक्सेल मोजू नका. तिरपं पाऊल 1.414 पिक्सेलचं असतं. सरळ तिरपी जाणारी वाहिनी पिक्सेल मोजून काढली तर लांबी जवळपास 29 टक्के कमी भरते. वेडेवाकडेपणा काढायची सोपी रीत म्हणजे वाहिनीवरून चालत गेलेली लांबी भागिले दोन टोकांमधलं सरळ अंतर. कुडाळ ते मालवण रस्त्याने किती आणि कावळ्याच्या उडण्याने किती, तसंच.

जाडीसाठी डिस्टन्स ट्रान्सफॉर्म: सांगाड्यावरच्या पिक्सेलपासून जवळच्या कडेपर्यंतचं अंतर काढा, दुप्पट करा. जाडीत छोटी चूक किती महागात पडते ते मरेच्या नियमावर दिसतं. शरीरक्रियाशास्त्रज्ञ सेसिल मरे यांनी 1926 मध्ये मांडलं की रक्त वाहून नेण्याचा खर्च कमीत कमी ठेवायचा तर मुख्य वाहिनीच्या त्रिज्येचा घन हा फांद्यांच्या त्रिज्यांच्या घनांच्या बेरजेएवढा हवा. दोन फांद्या सारख्या असतील तर प्रत्येकीची जाडी मुख्य वाहिनीच्या 0.79 पट येते: 8 पिक्सेलच्या वाहिनीला साधारण 6.3 पिक्सेलच्या दोन फांद्या. आता ड्राइव्हसारख्या लहान चित्रात एका फांदीच्या जाडीत एक पिक्सेलची चूक झाली, 6 ऐवजी 5 आले. घन 216 चा 125 झाला. एका पिक्सेलने चाळीस टक्क्यांहून जास्त गेलं! लहान चित्रांवर या नियमाचे निष्कर्ष काढू नका, मोठी चित्रं घ्या.

मिलिमीटरमध्ये मापं द्यायचा मोह होतो. फोटोत पट्टी नसते. डिस्कचा व्यास दीड-पावणेदोन मिलिमीटर धरून रूपांतर करतात, पण प्रत्येक डोळ्याची डिस्क सारखी नसते. म्हणून मी गुणोत्तरं पसंत करतो, उदाहरणार्थ रोहिणीची जाडी भागिले नीलेची. ते मोजायची ठरलेली जागा आहे: डिस्कच्या कडेपासून अर्ध्या ते एक डिस्क-व्यासापर्यंतचा पट्टा, आणि त्यातल्या सगळ्यात जाड सहा रोहिण्या व सहा नीला.

(सीटी किंवा एमआरआयमधल्या त्रिमितीय वाहिन्या करायच्या असतील तर थ्रीडी स्लायसर आणि त्याला जोडता येणारं व्हीएमटीके बघा. तत्त्व तेच, फक्त कौल सगळीकडून गोल होतं आणि दोन थरांमधलं अंतर आधी तपासावं लागतं. पडद्यावर हात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका.)

डॉक्टरांच्या टेबलावर काय ठेवायचं

एका शिबिरातल्या फोटोंवर आम्ही वाहिन्यांची घनता, म्हणजे गोलाच्या मानाने वाहिन्या किती, ते काढत होतो. एका आजींचा आकडा इतका कमी आला की माझ्या विद्यार्थिनीने घाबरून तांबड्या रंगात नोंद केली. डॉक्टरांनी आकडा वाचलाच नाही, फोटो मागितला. धुक्यातून होडी दिसावी तसा पडदा. "अगं, हा मोतीबिंदू आहे. शिरा जागच्या जागी असतील, तुझ्या कॅमेऱ्याला दिसत नाहीत." काही महिन्यांनी ऑपरेशन झाल्यावर आजी परत आल्या, फोटो काढला, घनता चांगली वाढलेली. वाहिन्या त्याच होत्या. या वेळी संगणकाच्या स्क्रीनवर स्वतःचा फोटो बघून त्यांनी विचारलं, "रे, ह्यां झाड माज्या डोळ्यात कधी रुजलां?"

तेव्हापासून आमच्या तक्त्यात घनतेच्या आधी गुणवत्तेचा रकाना असतो: चांगला, चालेल, टाकून द्या. तो प्रोग्राम चालवण्याआधी, माणसाने, आकडा न बघता भरायचा. डॉक्टरांना द्यायच्या फाइलमध्ये डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे त्यावर लाल रंगात काढलेल्या वाहिन्या, आणि खाली आकडे. टाकून दिलेले फोटोही त्याच फाइलच्या शेवटी, का टाकले ते एका ओळीत लिहून. निदानाचा शब्द त्या फाइलमध्ये कुठेही लिहायचा नाही.